गुपित आणि रहस्य

मराठीत ‘गुपित’ आणि ‘रहस्य’ हे शब्द आपण पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. परंतु त्यांच्यासोबत येणारी क्रियापदे वेगळी आहेत. गुपित सांगितले जाते, राखले जाते, फुटते. रहस्य उलगडते, त्याचा भेद होतो. गुपिताला विश्वासातले माणूस लागते, रहस्याला शोध घेणारा. गुपित हा दोन माणसांमधील संबंधाचा भाग असतो. रहस्य हा कथानकाचा घटक असतो. ‘डेस्परेट हाऊसवाइव्ह्ज’ ही अमेरिकन मालिका पाहताना हा भेद माझ्या मनात सतत जागा होता, आणि त्याचे कारण केवळ वाङ्मयीन नव्हते.

३ ऑक्टोबर २००४ रोजी एबीसी वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका आठ पर्वांनंतर मे २०१२ मध्ये संपली. फेअरव्ह्यू या काल्पनिक उपनगरातील विस्टेरिया लेन हा एकच रस्ता हे तिचे जग. हा रस्ता म्हणजे युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारातले जुने नेपथ्य होते आणि त्याआधीच्या अनेक चित्रपट-मालिकांत ते वापरले गेले होते. म्हणजे प्रेक्षकासमोर येण्यापूर्वीच ही घरे ‘सुखी उपनगरा’चा संकेत बनलेली होती. त्यांची रचनाही अर्थपूर्ण आहे. प्रत्येक घर सुटे, पुढे कापलेली हिरवळ, खिडक्या रस्त्याकडे तोंड करून. शेजाऱ्याला शेजाऱ्याचे अंगण अहोरात्र दिसते. आतले काहीच दिसत नाही. अशा अवकाशात कुतूहल आणि अज्ञान एकाच वेळी वाढीस लागतात.

मालिकेच्या आरंभीच मेरी अ‍ॅलिस यंग ही गृहिणी रोजची कामे नेटकेपणाने उरकते आणि स्वतःवर गोळी झाडून घेते. त्यानंतरचे निवेदन तिच्याच आवाजात येते. मृत निवेदक ही अमेरिकन चित्रपटातील परिचित युक्ती आहे. ‘सनसेट बुलेव्हार्ड’ (१९५०) आणि ‘अमेरिकन ब्यूटी’ (१९९९) या दोन्ही चित्रपटांत मेलेला पुरुष बोलतो, परंतु तो मुख्यतः स्वतःची कथा सांगतो. मेरी अ‍ॅलिस सांगते ती सूझन, लिनेट, ब्री आणि गॅब्रिएल या मैत्रिणींची. जिवंतपणी जे तिला कुंपणापलीकडून अर्धेमुर्धे कळत होते, ते मृत्यूनंतर पूर्णतः कळते. सर्वज्ञ निवेदन आणि शेजारणीची कुजबूज या दोन परस्परविरोधी गोष्टी येथे एकत्र येतात, आणि मरणामुळे त्या कुजबुजीतला डंख नाहीसा होतो. तिला आता कोणापासून काही मिळवायचे नाही; म्हणून ती क्षमाशील होऊ शकते.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे मार्था ह्यूबर. गोळीचा आवाज ऐकून ती मागून नेलेला मिक्सर परत करण्याच्या निमित्ताने शेजारी डोकावते. प्रेत पाहून किंचाळते, मदतीसाठी फोन करते; आणि मग मिक्सरवरची मालकिणीच्या नावाची चिठ्ठी सोलून काढून तो स्वतःकडे ठेवून घेते. मेरी अ‍ॅलिसला धमकीचे पत्र लिहिणारी हीच, हे पुढे कळते. दुसऱ्याचे गुपित हे तिच्या लेखी भांडवल आहे. मैत्रिणींना मेरी अ‍ॅलिसचे कपडे आवरताना ते पत्र सापडते, आणि तेथून शोध सुरू होतो. मे २००५ मध्ये पहिल्या पर्वाच्या अखेरीस उलगडा होतो: यंग दांपत्याचा मुलगा मूळचा एका व्यसनाधीन तरुणीचा, ती त्याला परत मागायला आली तेव्हा मेरी अ‍ॅलिसच्या हातून तिचा खून झाला आणि मृतदेह खेळण्यांच्या पेटीत घालून पुरण्यात आला. प्रश्नाला उत्तर मिळते. प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो.

मला अडते ते येथे. मालिकेचे निर्माते मार्क चेरी यांनी तिच्या जन्माची हकीकत मुलाखतींतून सांगितली आहे. टेक्सासमधील अँड्रिया येट्स या स्त्रीने २००१ मध्ये आपल्या पाचही मुलांना बुडवून मारले होते. तिच्या खटल्याची बातमी चेरी आपल्या आईसोबत पाहत होते. त्यांनी विस्मय व्यक्त केला, तेव्हा आईने शांतपणे सांगितले की तशा हताशेच्या काठावर आपणही येऊन गेलो आहोत. मुलाला हे ठाऊकच नव्हते. मालिकेचे बीज असे एका गुपितात आहे, आणि ते शब्दशः सांगितले गेलेले गुपित आहे. त्यात पेटी नाही, प्रेत नाही, शोधण्याजोगे काही नाही. आहे ती रोजच्या घरकामातून साचत गेलेली हताशा. बेटी फ्रीडन यांनी १९६३ मध्ये ‘द फेमिनिन मिस्टीक’मध्ये उपनगरातील गृहिणींच्या ज्या अनाम अस्वस्थतेचे विवेचन केले, तिच्याशी या हताशेचे नाते उघड आहे. मालिकेने मात्र मध्यवर्ती स्त्रीच्या हताशेच्या जागी गुन्हा ठेवला. गुपिताचे रहस्य केले.

आठवड्याला एक भाग दाखवणाऱ्या माध्यमाला पुढच्या भागाची ओढ निर्माण करावीच लागते, असे यावर म्हणता येईल, आणि ते खरे आहे. शिवाय मूळ गुपित मालिकेतून पुरते हद्दपारही झालेले नाही. चार मुलांच्या संगोपनात थकलेली लिनेट मुलांच्याच औषधाच्या गोळ्या घेऊ लागते आणि एके दिवशी मुलांना सूझनकडे टाकून मैदानात जाऊन बसते. तिला शोधत आलेल्या मैत्रिणी तेव्हा सांगतात की मुले लहान असताना आम्हीही अशाच रडलो आहोत. हे आधी का नाही सांगितले, असे ती विचारते. मालिकेतला हा मला सर्वांत खरा वाटणारा प्रसंग आहे. कारण त्यात काहीही उलगडत नाही, फक्त सांगितले जाते.

हा भेद मला इतका का बोचतो, ते आता सांगायला हवे. मी राहते त्या इमारतीत काही वर्षांपूर्वी एका शेजारणीने स्वतःचे आयुष्य संपवले. विरजणाच्या वाटीची देवघेव असावी, इतपतच आमचा परिचय. पुढचे काही आठवडे जिन्यात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी एकच प्रश्न होता: कारण काय? कोणी कर्ज सांगितले, कोणी घरातला बेबनाव, कोणी आजार. प्रत्येक उत्तराला आरंभ, मध्य आणि शेवट होता. सांगणारे दुष्ट नव्हते. बहुतेकांना खरोखर वाईट वाटले होते. परंतु प्रत्येक उत्तराबरोबर ती बाई आमच्यासारखी उरत नव्हती. एकदा कारण सापडले, की ते आपल्या घरात नाही एवढी खात्री करून दार लावून घेता येते. रहस्यकथा वाचकाला जो दिलासा देते, तोच हा दिलासा.

मृत निवेदिकेची योजना प्रथमदर्शनी याच दिलाशाला छेद देते: आम्ही तिच्याविषयी बोलण्याऐवजी ती आमच्याविषयी बोलते. तथापि तिच्या स्वतःच्या मरणाची पाळी येते, तेव्हा तिलाही प्रकरणाचा निकालच सांगावा लागतो. इतरांच्या दुःखाकडे ती समजुतीने पाहू शकते, कारण ती दुःखे पुढेही चालू राहणार आहेत. तिचे दुःख तेवढे सोडवून, बांधून बाजूला ठेवले जाते. कथनमीमांसेत आपण निवेदकाला किती ठाऊक आहे, याचा काटेकोर हिशेब मांडतो. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा असे मला वाटते: जे ठाऊक आहे ते कोणाच्या विश्वासावर, कोणाला उद्देशून सांगितले जात आहे? चेरी यांच्या आईने मुलाला जे सांगितले त्याने काहीच सिद्ध झाले नाही. त्या दोघांमधले अंतर मात्र कमी झाले.