श्रीवर्धन ते हर्णै : भर पावसात

अलिबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत सायकलने जायचे असे आम्ही अकरा जणांनी ठरवले, तेव्हा ऑक्टोबर निवडला तो पाऊस टळावा म्हणूनच. सत्र परीक्षा आटोपल्या होत्या. परतीचा पाऊस फार तर दुपारनंतर गडगडून तासाभरात मोकळा होतो, असा सगळ्यांचा अनुभव. पण तिसऱ्या दिवशी फजरनंतर श्रीवर्धनहून निघालो तेव्हा तो आधीच सुरू झालेला होता आणि दिवसभर सोबत राहिला.

तीन माणसे प्रवासाला निघाली तरी त्यांनी एकाला अमीर करावे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण. आम्ही पस्तिशीतल्या एका विज्ञान शिक्षकाला अमीर केले होते. गटातले सर्वांत ज्येष्ठ, वय ५७, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, ते शाळेत त्याचे गणिताचे सर. तो अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायला संकोचतो. माझ्याकडे शेवटची जागा होती. हवेचा पंप, पंक्चरचे सामान, तेलाची बाटली आणि मागे लुकलुकणारा लाल दिवा घेऊन सर्वांत शेवटी राहायचे. कुणी माझ्या मागे पडता कामा नये, एवढाच नियम. ‘सुनन अबू दाऊद’मध्ये हजरत जाबिर (रजि.) यांची रिवायत आहे की, प्रवासात प्रेषित (स.) काफिल्याच्या मागे राहत, दुबळ्यांना पुढे चालवत आणि त्यांच्यासाठी दुआ करत. हे वाचलेले होते. मागे राहण्यात किती काम असते ते पावसात कळते.

कोरड्या रस्त्यावर अकरा सायकली एका रांगेत जातात. पावसात ती रांग तुटते. चष्मा असलेला थांबून काच पुसतो, कुणाची चेन कुरकुरते, कुणी मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधायला उतरतो. ओल्या टायरला बारीक काच आणि काटे चिकटतात, म्हणून पंक्चरही जास्त. आणि ब्रेक! आमच्या बहुतेक सायकलींना रबरी गुटक्यांचे ब्रेक. भिजलेल्या रिमवर ते दाबले तरी आधी नुसते पाणी पुसतात, चाक एक-दोन वेळा फिरले की मग पकडतात. त्यात तांबडी माती वाहून आलेली. ती गुटक्यांवर पॉलिश पेपरसारखी चालते.

श्रीवर्धनच्या वाड्यांतून जाताना नारळी-पोफळींमध्ये मोकळ्या जागा दिसत होत्या. ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. सुपारीचे झाड पडले की नवे हाताशी यायला वर्षे लागतात. इथल्या माणसाला पावसाची भीती घालायची गरज नसते.

हरिहरेश्वर मागे टाकून बागमांडल्याला फेरीबोट धरली. सावित्री नदी इथे समुद्राला मिळते. ती महाबळेश्वरहून येते हे मुलांना नकाशावर दाखवणे वेगळे आणि तिचे गढूळ, रुंद पाणी अंगावरून निथळणाऱ्या पावसात पाहणे वेगळे. या तीरावर रायगड जिल्हा, त्या तीरावर रत्नागिरी. पलीकडे बाणकोटचा किल्ला ढगात अर्धा बुडालेला. इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले होते. गावाने ते काही ठेवून घेतले नाही. बोटीवर आमच्यातला एक तरुण म्हणाला, “काय मस्त हवा आहे!” शेजारी छत्री मिटून उभे असलेले एक शेतकरी म्हणाले, “तुमची हवा, आमचं भात.” त्यांचे हळवे भात कापून शेतात पसरलेले होते. आणखी दोन दिवस असाच लागला तर दाण्याला कोंब येतील. बोटीवर मग कुणी फोटो काढले नाहीत.

पाऊस पाहून प्रेषित (स.) तो लाभदायक ठरावा अशी दुआ करत. अतिवृष्टीने नुकसान होऊ लागल्याची तक्रार लोकांनी आणली तेव्हा तो आमच्यावर नको, आमच्या अवतीभवती पडो, अशीही दुआ त्यांनी केली. दोन्ही हदीसा मी वर्गात सांगितल्या आहेत. वेसवीला उतरल्यावर चाचांनी दुसरी दुआ मोठ्याने म्हटली आणि सगळ्यांनी आमीन म्हटले.

दुपारी रस्त्याकडेच्या एका मशिदीत थांबलो. अंगातून पाण्याच्या धारा, आत कसे जावे या विचारात होतो, तोच एका बुजुर्गांनी गालिचा गुंडाळून प्लास्टिकच्या चटया अंथरल्या. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. आमच्या सोबत्यांनी मुसाफिर म्हणून जोहर आणि असर, दोन्ही कसर करून एकत्र पढल्या. मी हनफी. त्यांच्याबरोबर जोहरच्या दोन रकाती पढलो आणि असर वेळेवर ठेवली. ते दुसऱ्या नमाजेला उभे राहिले तेव्हा मी बाहेर बसून ब्रेक तपासत होतो. चाचांच्या मागच्या चाकाचे गुटके संपले होते, आतले लोखंड रिमला घासत होते. जवळचे जादा गुटके आदल्या दिवशीच दुसऱ्या सायकलला लावलेले.

केळशीपर्यंत चाचा पुढच्या ब्रेकवर आणि पायांवर आले. ‘सभासद बखरी’त ज्या बाबा याकूत यांचा थोर अवलिया म्हणून उल्लेख आहे, ते याच केळशीचे. दर्ग्यापाशी जायचा बेत आम्ही सोडून दिला, कारण पुढे आडे, पाडले, मग आंजर्ले : चढ, वळण, खाली समुद्र, पुन्हा उतार. नारळ उतरवून हर्णैकडे रिकामा निघालेला एक छोटा टेम्पो थांबला होता. अमीर चाचांकडे आला. दोनदा ओठ हलले, शब्द फुटला नाही. शेवटी म्हणाला, “सर, तुम्ही टेम्पोत बसा.”

चाचा तिसऱ्या दिवसापर्यंत एक किलोमीटरही ढकलून चालले नव्हते. निवृत्तीआधी हा पूर्ण रस्ता पायडल मारून करायचा, असे ते वर्षभर सांगत होते. मी म्हटले, उतारावर मी त्यांच्याबरोबर पायी येतो. अमीरने माझ्याकडे पाहिले, मग आकाशाकडे. “अंधार पडेल,” एवढेच म्हणाला.

चाचांनी हेल्मेट काढले. “अमीर तू आहेस ना?” त्यांनी विचारले. त्याने मान हलवली. चाचांनी स्वतः सायकल उचलून टेम्पोत ठेवली आणि चालकाशेजारी जाऊन बसले. टेम्पो वळणाआड गेल्यावर अमीर बराच वेळ चेन पुसत राहिला. तिला पुसण्यासारखे काही नव्हते.

तो उतार आम्ही दहा जण कसे उतरलो ते सविस्तर सांगत नाही. दोन जण घसरले, खरचटण्यावर निभावले, अलहम्दुलिल्लाह. असर मी पाडल्याजवळ एका बंद दुकानाच्या पडवीत पढलो. अमीर माझ्यासाठी थांबला.

आंजर्ल्याच्या खाली जोग नदीच्या पुलावर कुणीतरी उभे दिसले. टेम्पो हर्णैला पोहोचवून, चहाची व्यवस्था लावून चाचा छत्री घेऊन चालत मागे आले होते. एकेक सायकल पुलावर चढत होती आणि ते वर्गात हजेरी घ्यावी तसे मोजत होते. अमीर उतरून त्यांच्याजवळ उभा राहिला. मी पोहोचलो तेव्हा त्यांनी माझ्या पाठीमागे रस्त्यावर नजर टाकली.

“मागे कुणी?”

“कुणी नाही, चाचा.”

“दहा,” ते म्हणाले आणि छत्री अमीरच्या डोक्यावर धरली.