भाईजानांच्या ट्रकचे मागचे ब्रेक

मी भाषा शिकवते. पण घरात ट्रक असला की लायनर-ड्रमही कळू लागतात. मागच्या महिन्यात कसारा घाट उतरताच भाईजानांना मागच्या डाव्या चाकाचा जळका वास आला. क्लीनर पाणी ओतायला निघाला, त्यांनी अडवलं. ओतीव लोखंडाचा तापलेला ड्रम गार पाण्याने तडकतो. ‘ब्रेक ढिला करून निघा,’ असाही सल्ला मिळाला. म्हणजे पुढच्या उतारावर ते चाक पकडणारच नाही!

मिस्त्रींनी आधी हवेचा दाब पाहिला. कमी असला तर हँडब्रेकची स्प्रिंग पूर्ण सुटत नाही. दाब ठीक होता. कॅमशाफ्टचा बुश सुकला होता, म्हणून पाय काढला तरी लायनर घासत राहायचे. बुश, रिटर्न स्प्रिंगा बदलल्या.

अम्मींनी फोनवर एवढंच विचारलं, “दुसऱ्या बाजूचं पाहिलंत का?”

खोललं. तिथेही ग्रीस नव्हतं.