या पायावरचं त्या पायावर

“ऐन पावसात कुणी प्रवासाला निघतं का?” शेजारच्या माई म्हणाल्या. त्यांचं खरंच होतं. पण केरळात तेलाच्या उपचारांचा हंगाम म्हणजे हाच. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्यांचा कर्किडकम् महिना. हवा दमट, गार. अशा वेळी अंगाला तेल चांगलं मानवतं, असं तिथले वैद्य मानतात. घरोघरी औषधी कंजी शिजते आणि संध्याकाळी दिव्यापुढे रामायण वाचतात. आपल्याकडे श्रावणात कहाण्या वाचतात, तसंच!

माझा डावा खांदा आणि कंबर चार वर्षं धरली होती. शेक झाले, पट्टे झाले, गोळ्या तर विचारूच नका. शेवटी सुनेनं तिकीट हातावर ठेवलं. “आई, आता कारणं नकोत.” कोकण रेल्वेच्या गाडीनं तिरूरला उतरले. तिथून कोट्टक्कल जवळच. वैद्यरत्न पी. एस. वारियर यांनी १९०२ साली आर्यवैद्यशाला काढली ती याच गावी. तेव्हापासून गावाला औषधांचाच वास. मी उतरले ती मात्र एक लहानशी वैद्यशाला होती. सहा खोल्या, मागं नारळी.

पहिल्या दिवशी लाजेनं मेले. अंगावर बोटभर फडकं नि लाकडी द्रोणीत आडवं व्हायचं! तेल लावणाऱ्या बायकाच असतात, पण सवय कुठाय आपल्याला? दोघी दोन बाजूंना उभ्या राहिल्या. कोमट तेलात भिजवलेलं फडकं अंगावर पिळायचं आणि दुसऱ्या हातानं चोळत जायचं. याला पिळिच्चिल म्हणतात. दोघींचे हात एका लयीत चालतात, जसं जातं ओढावं.

आणि मला रडू कोसळलं.

सासूबाईंच्या पायांना अकरा वर्षं रोज रात्री मी तेल लावलं. दोन मुलं, तीन नातवंडं पायावर घेऊन न्हाऊ घातली. माझ्या अंगाला दुसऱ्या कुणाचा हात लागला होता तो धाकट्याच्या बाळंतपणात, माहेरी. तेहतीस वर्षं झाली! त्या दोघींनी काही विचारलं नाही. वाटीभर तेल आणखी कोमट करून आणलं, एवढंच.

पुढं नवरकिळी सुरू झाली. साठ दिवसांत पिकणारा तांदूळ (आपला साठीचा) दुधात आणि बलेच्या, म्हणजे आपल्या चिकण्याच्या, मुळांच्या काढ्यात शिजवतात. त्याच्या गरम पुरचुंड्यांनी अंग शेकायचं. तांदळाचं नाव ऐकायला थेट ‘नवरा’! मला हसू आवरेना. नवऱ्यानं अंग शेकून दिलं, हे घरी कळवायलाच हवं होतं.

त्या दोघींतली थोरली मस्कतला काही वर्षं काम करून आलेली, म्हणून मोडकंतोडकं हिंदी बोले. मला ‘चेची’, म्हणजे ताई म्हणायची. “हे दुखणं जाईल ना पुरतं?” असं मी रोज विचारी. एके दिवशी तिनं उत्तराऐवजी गोष्टच सांगितली.

नारानत भ्रांतन, म्हणजे नारानतचा वेडा. वररुचीच्या बारा मुलांतला हा एक. रोज डोंगरावर धोंडा ढकलत न्यायचा, माथ्यावरून सोडून द्यायचा आणि तो गडगडताना टाळ्या पिटून हसायचा. पायाला हत्तीपाय झालेला. एका रात्री मसणात भात शिजवत बसला असता भद्रकाली आली. हा भिईना, उठेना. वर दिल्याशिवाय ती जाईना. “माझं मरण एक दिवस पुढं ढकल.” जमणार नाही. “मग एक दिवस अलीकडे आण.” तेही नाही. “बरं, मग या पायावरची सूज त्या पायावर कर आणि जा बाई!”

मी पोट धरून हसले. त्या दिवसानंतर तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

तो डोंगर, रायिरनेल्लूर, तिथून फार लांब नाही. ऑक्टोबरच्या मध्याला, तुलाम् महिन्याच्या पहिल्या दिवशी, माणसांची रीघ लागते म्हणे. निघताना गाडी तिकडून वळवली. वैद्यांनी चढायला मनाई केलेली. पावसात काही दिसेना. तरी पाच मिनिटं पायथ्याशी उभी राहिले.

कुणी जाणार असाल तर जुने सुती गाऊन न्या. तेलाचे डाग जात नाहीत. बीपी, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि उपचार चौदा दिवसांचे असले, तरी पुढं तितकेच दिवस पथ्य आणि विश्रांती असते, ती धरूनच रजा काढा.

खांदा पुष्कळ सुटला. कंबर दुखतेच. झिजलेलं सांधं नवं होत नाही, हे वैद्यांनी स्पष्टच सांगितलं होतं.

परवा शुक्रवारी कहाणी सांगायला बसले. नात म्हणाली, “आजी, वेड्याचीच सांग.” सांगता सांगता ती माझ्या खांद्याला तेल चोळत होती. मधेच थांबली.

“आजी, दुखतो तो डावा ना? मी उजव्यालाच लावत्येय!”

“राहू दे गं,” म्हटलं, “त्यालाही लाव.”