पाहणे हीही उपासना

परदेशात राहायला गेलेला माणूस तिथली प्रेक्षणीय स्थळे सगळ्यांत शेवटी पाहतो. चार दिवसांसाठी आलेला पर्यटक रोमचा कानाकोपरा पालथा घालतो. तिथे नोकरीला किंवा शिकायला आलेल्याचा पहिला काळ मात्र राहण्याचा परवाना, घरभाडे आणि मोडकीतोडकी इटालियन भाषा यांतच निघून जातो. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी तो शहर पाहायला निघतो, आणि तो ख्रिस्ती असेल तर त्याच्यापुढे एक पेच उभा राहतो. चर्चच्या दारात तो कोण म्हणून शिरतो, पर्यटक की भाविक? मिस्सा चालू असताना इकडेतिकडे फिरू नये, अशी पाटी रोममधल्या कितीतरी चर्चच्या दारावर असते, आणि ती योग्यच आहे. पण तिच्यामुळे पाहणे वेगळे आणि उपासना वेगळी, असा एक समज मनात घट्ट बसतो. मला तो समज मान्य नाही. नीट पाहणे हीही उपासना आहे, आणि घरापासून दूर राहणाऱ्याला ती विशेष साधू शकते. प्रश्न एवढाच, की नीट पाहणे म्हणजे काय पाहणे.

कलोसियमपासून थोड्याच अंतरावर सान क्लेमेंते नावाचे चर्च आहे. रस्त्यावरून आत गेले, की आपण बाराव्या शतकातल्या चर्चमध्ये उभे असतो. तिथून जिना उतरून खाली गेले, की चौथ्या शतकातले चर्च लागते, आणि त्याच्याही खाली पहिल्या शतकातल्या इमारतींच्या भिंती आणि मिथ्रास या देवतेचे भूमिगत पूजास्थान. 1857 साली जोसेफ मुलूली या आयरिश डोमिनिकन धर्मगुरूंनी खोदकाम सुरू केले, तेव्हा हे पोटातले चर्च पुन्हा उजेडात आले. सर्वांत खालच्या मजल्यावर भिंतीआडून वाहत्या पाण्याचा आवाज सतत येत असतो. वर वेदीमागच्या अर्धघुमटात सोनेरी पार्श्वभूमीवर क्रूस आहे, क्रूसावर बारा कबुतरे आहेत आणि क्रूसाच्या पायथ्यापासून निघालेली वेल सगळा घुमट व्यापून टाकते. तिच्या वेटोळ्यांमध्ये निरखून पाहिले, तर मेंढपाळ दिसतात, पक्षी दिसतात आणि कोंबड्यांना दाणे टाकणारी एक बाईही दिसते. घाईने फोटो काढून निघालेल्याला ती दिसत नाही. ज्याने ही वेल रचली त्याला सांगायचे असावे, की क्रूसातून उगवलेल्या जीवनात त्या बाईलाही जागा आहे. हे पाहायला डोळ्यांना वेळ द्यावा लागतो, आणि पाहिल्यावर जे मनात उमटते त्याला मनन म्हणायला हरकत नसावी.

याच चर्चमध्ये संत सिरिल यांची समाधी आहे. ते थेस्सलोनिकाचे ग्रीक. स्लाव लोकांना त्यांच्या भाषेत शुभवर्तमान मिळावे म्हणून त्यांनी लिपी घडवली, आणि 869 साली रोममध्ये, म्हणजे परक्या शहरातच, त्यांचा अंत झाला. एकदा या बाजूने पाहू लागले, की रोमचा सगळा ख्रिस्ती इतिहास परदेशी माणसांनी भरलेला दिसतो. पेत्र गालीलचा कोळी, पौल तार्ससचा. पौलाने रोमकरांना पत्र लिहिले ते लॅटिनमध्ये नव्हे, ग्रीकमध्ये. आणि रोमच्या ख्रिस्तसभेची उपासनाही सुरुवातीची काही शतके ग्रीकमध्येच होत असे. त्या पत्राच्या शेवटी ज्यांना सलाम आहेत त्यांत अक्विला आणि प्रिस्किल्ला हे तंबू शिवणारे जोडपे आहे. अक्विला मूळचा काळ्या समुद्राकाठच्या पंत प्रांतातला, आणि सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोममधून हाकलले तेव्हा ही दोघे बेघर झाली होती. आज ज्या शहराला आपण ख्रिस्ती जगाचे माहेर समजतो, तिथली पहिली मंडळी भाड्याच्या घरांत, परक्या उच्चारांत प्रार्थना करत होती. वसईहून, नगरहून किंवा गोव्याहून आलेल्या माणसाला तिथे उपरे वाटत असेल, तर तो अगदी मूळ परंपरेत उभा आहे. परक्याची नजर ही इथे उणीव नाही. या शहराची श्रद्धा ज्या नजरेतून वाढली ती हीच.

यावर पहिला आक्षेप खुद्द शुभवर्तमानातूनच येतो. पुनरुत्थानानंतर थोमाने जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असा हट्ट धरला, आणि येशूने न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना धन्य म्हटले. मग डोळ्यांचे एवढे कौतुक कशाला? 1510-11च्या सुमारास मार्टिन ल्यूथर रोमला येऊन गेले, आणि पुढे त्यांनी जो झगडा मांडला त्यातून निघालेल्या काही पंथांनी भिंतींवरची चित्रे आणि मूर्ती चर्चबाहेर काढल्या. मराठवाड्यातल्या आणि नगर जिल्ह्यातल्या अनेक साध्या उपासनामंदिरांत आजही एक क्रूस, एक बायबल आणि भजने एवढेच असते. त्या साधेपणात खोल शहाणपण आहे, कारण सोन्याकडे पाहता पाहता सोन्याचीच भक्ती सुरू होते. हा धोका खरा आहे. तरीही थोमाच्या कथेत येशू त्याला हाकलून देत नाही. तो हात पुढे करतो, कूस दाखवतो. ज्या श्रद्धेत देवाने देह धारण केला, तिला डोळे सर्वस्वी नाकारता येत नाहीत. आणि थोमाला काय दाखवले गेले? तेजोवलय नाही, सिंहासन नाही, जखमा. पाहण्याची कसोटी मला इथे सापडते. जे पाहणे वैभवावर थांबते ते केवळ पर्यटन. जे जखमेपर्यंत पोचते ती उपासना.

ही कसोटी लावून सान लुईजी देई फ्रान्चेसी या चर्चमध्ये शिरावे. हे रोममधल्या फ्रेंच लोकांचे चर्च, म्हणजे पुन्हा परदेशीयांचेच. डाव्या हाताच्या शेवटच्या छोट्या प्रार्थनागृहात कारावाज्जोची तीन चित्रे आहेत, त्यांतले जकातदार मत्तयाच्या पाचारणाचे चित्र 1599-1600 मधले. अंधाऱ्या खोलीत टेबलाभोवती पाच माणसे जमली आहेत, आणि नाणी मोजली जात आहेत. उजवीकडून येशू आणि पेत्र आत आले आहेत. येशूचा चेहरा आणि पुढे झालेला हात एवढेच उजेडात आहे. वरच्या भिंतीत खिडकी आहे, पण तिच्यातून प्रकाश येत नाही. तो येशूच्या मागून, वरून येतो. पाचांपैकी तिघांनी मान वर केली आहे. डावीकडच्या टोकाचा तरुण मात्र खाली वाकून नाण्यांवरच खिळलेला आहे, आणि त्याच्याजवळ उभा चष्मेवाला म्हाताराही नाणीच निरखतो आहे. येशू समोर उभा आहे आणि या दोघांना तो दिसलेलाच नाही. मान वर केलेला दाढीवाला माणूस मत्तय की खाली वाकलेला तो तरुण मत्तय, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण वाद कसाही मिटो, पैसे मोजण्यासाठी परदेशी आलेल्या कोणालाही हे चित्र आपल्याविषयी आहे हे कळायला टीप लागत नाही. जकातदाराची जखम म्हणजे त्याची नजर, आणि पाचारण म्हणजे ती नजर वर उचलली जाणे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. या संगमरवरामागे सत्ता आहे, आणि सत्तेने पुष्कळांना दुखावले आहे. संत पेत्राचे महामंदिर उभारण्याच्या खर्चासाठी पापदंडमुक्तीची पत्रे विकली गेली, हे इतिहासाने नोंदवले आहे. मराठी माणसाला हा आक्षेप जेझू या जेझुइट चर्चमध्ये थेट भिडतो. 1584 साली अभिषिक्त झालेल्या या चर्चच्या उजव्या बाजूच्या वेदीवर संत फ्रान्सिस झेवियर यांचा उजवा हात जपून ठेवला आहे; देह जुन्या गोव्यात बॉम जेझूसमध्ये, आणि हा हात 1614 साली तोडून रोमला आणलेला. असंख्यांना बाप्तिस्मा देणारा हात म्हणून त्याला मान आहे. पण गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचा शोध घेऊन शिक्षा देणारे न्यायालय, आणावे अशी मागणी पोर्तुगालच्या राजाकडे झेवियर यांनीच पत्राने केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर, 1560 साली ते सुरू झाले आणि कायमचे बंद व्हायला 1812 साल उजाडले. त्या वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्याने ही जखम विसरून प्रार्थना करू नये. लक्षात ठेवून प्रार्थना करणे अवघड आहे, पण पश्चात्तापाशिवाय ख्रिस्ती प्रार्थना होतच नाही. आणि त्याच इतिहासात एक वेगळा माणूसही आहे. इंग्लंडचे थॉमस स्टीफन्स 1575 साली रोममध्येच जेझुइट संघात दाखल झाले, 1579 साली गोव्याला पोचले आणि त्यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले, जे 1616 साली छापले गेले. परक्या भूमीत येऊन तिथल्या भाषेवर जीव जडवणे हाही ख्रिस्ती इतिहासच आहे. पाहणाऱ्याने दोन्ही पाहावे. एकाने दुसरे झाकू नये.

म्हणून दिवसाची अखेर संत पेत्राच्या चौकात होत असेल, तर बेर्निनीच्या स्तंभरांगांचे मोजमाप करून परतू नये. त्या स्तंभांवर 140 संतांचे पुतळे आहेत, आणि खाली चौकात 2019 साली बसवलेले तिमोथी श्मॉल्त्स यांचे कांस्यशिल्प आहे: एका नावेत दाटीवाटीने उभे असलेले वेगवेगळ्या काळांतले 140 स्थलांतरित. मध्यभागी दोन पंख वर आलेले दिसतात, पण ते या गर्दीतल्या कोणाचे, हे कळत नाही. चौकाच्याच कडेला, स्तंभांच्या सावलीत, बेघरांना अंघोळ करता यावी म्हणून 2015 साली न्हाणीघरे उघडली गेली. स्तंभ, संत, स्थलांतरित आणि न्हाणीघर एकाच चौकात असल्यामुळे शहर स्वतःच आपल्याला विचारते, की तुम्ही यांतले काय पाहायला आलात. परदेशात राहणाऱ्याला उत्तर देणे तुलनेने सोपे जावे, कारण परवान्याच्या रांगेत त्याने त्याच नावेतल्या माणसांबरोबर उभे राहून पाहिलेले असते. त्याचा दिवस उपासनेत गेला की नाही, हे त्याने किती चर्च पाहिली यावर ठरणार नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना बसमध्ये शेजारी बसलेला परका माणूस त्याला दिसला का, त्याला जागा देताना, वाट सांगताना, त्याचे नाव विचारताना ती नजर टिकली का, यावर ते ठरेल. पाहायला शिकवणे एवढेच त्या सुंदर दगडांचे काम आहे. पुढचे काम पाहणाऱ्याचे.