बंद पाकिटाचे मोल

पेणला गणपती ठरवावयास जाणाऱ्या गृहस्थाची चोखंदळ नजर ज्यांनी पाहिली असेल, त्यांस आमच्याकडचा मनुष्य पैसे देण्यापूर्वी वस्तू किती न्याहाळतो हे वेगळे सांगावयास नको. कारखान्यात मूर्तींच्या रांगा लागलेल्या असतात. हा गृहस्थ सोंडेचे वळण पाहतो, हातांची ठेवण पाहतो, आणि डोळ्यांची आखणी झालेली असली तर चार पावले मागे सरून ते डोळे आपल्याकडे प्रसन्नपणे पाहतात की नाही याची खात्री करून घेतो. मग विसार देऊन मूर्तीला आपल्या नावाची चिठ्ठी लावतो. कित्येक घरांतून तर आपला पाटच आगाऊ कारखान्यात नेऊन देण्याची चाल आहे. मूर्ती कागदात गुंडाळून, 'आत कोणती निघेल ते तुमचे दैव' असे म्हणत कोणी ती हातावर ठेवू लागला, तर तो मूर्तिकार शुद्धीवर आहे की नाही अशीच शंका सर्वांस येईल. आंब्याच्या पेटीचीही तीच गोष्ट. वरचा थर कितीही केशरी दिसो, तळाचे दोन आंबे काढून हुंगल्यावाचून आमचा गृहस्थ पाकिटास हात घालीत नाही.

आणि हाच गृहस्थ मुलाचे बोट धरून रोह्याच्या बाजारात जातो, दोरीला टांगलेले एक झगझगीत पाकीट घेतो आणि मुकाट्याने पैसे मोजतो. त्या पाकिटात काय आहे हे त्याला ठाऊक नसते, मुलाला ठाऊक नसते आणि दुकानदारालाही ठाऊक नसते. ठाऊक असते तर ते कोणी घेतलेच नसते! आंब्याच्या पेटीत तळ लपविणे हा विकणाऱ्याचा दोष, येथे मात्र लपविलेला तळ हाच विक्रीचा माल. आमचा भाचा पोकेमॉनचे पत्ते जमवू लागल्यापासून या विलक्षण व्यापाराचा विचार आमच्या मनात वरचेवर येतो.

ज्या वाचकांच्या घरी हा छंद अद्याप शिरला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. हे पत्ते नेहमीच्या बावन्न पानांसारखे नव्हेत, आणि सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेसारखेही नव्हेत. गंजिफेची १२० पाने एकदा घरी आणली की खेळ पुरा झाला. तीत एकविसाव्या शतकात अकरावा अवतार निघावयाचा नाही. या नव्या खेळात मात्र पत्त्यांचे नवे नवे संच वर्षावर्षाला निघत राहतात, आणि प्रत्येकाने आपापला साठा जमवून त्यातून ६० पत्त्यांचा जोड तयार करावयाचा असतो. या जातीच्या खेळाची घडी प्रथम बसविली ती रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने, १९९३ साली, 'मॅजिक' नावाच्या खेळात. पोकेमॉनचे पत्ते जपानात १९९६ मध्ये निघाले आणि इंग्रजीत १९९९ मध्ये आले. बंद पाकिटातून चित्रे देण्याची युक्ती मात्र त्याहून पुष्कळ जुनी. गेल्याच्या गेल्या शतकाच्या अखेरीस सिगारेटची कागदी पाकिटे वाकू नयेत म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालीत; त्या तुकड्यावर कोणी चित्र छापले, आणि चित्रांसाठी लोक सिगारेटी घेऊ लागले. आमच्या लहानपणी च्युइंगगमच्या वेष्टनात क्रिकेटपटू निघत. ते गम आम्ही किती चघळले आणि किती फेकले याचा हिशेब न मांडलेला बरा.

पाकिटातील पत्ते सारख्या संख्येने छापलेले नसतात, ही यातली गोम आहे. पत्त्याच्या कोपऱ्यात वर्तुळ असेल तर तो सामान्य, चौकट असेल तर थोडा कमी आढळणारा, तारा असेल तर दुर्मिळ. पाकिटात पत्ते दहा. त्यांतील बहुतेक वर्तुळाचे. दोन पाकिटे फोडली की तिसऱ्यात तेच चेहरे पुन्हा भेटू लागतात.

रोह्यात बसून अंदाजपत्रकाचा विषय काढावयाचा आणि चिंतामणराव देशमुखांचे स्मरण करावयाचे नाही, हे कसे घडावे? महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेल्या आणि रोह्यात बालपण घालविलेल्या या पुरुषाने १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून सूत्रे हाती घेतली, १९५० ते १९५६ या काळात देशाचे अंदाजपत्रक सांभाळले, आणि मेघदूत मराठीत आणण्याइतका रसिकपणाही शिल्लक ठेवला. त्यांच्या सहीच्या नोटाही शेवटी कागदच होत्या, आणि भाच्याचा ताऱ्याचा पत्ताही कागदच आहे. फरक एवढाच की नोटेवरचा आकडा वाचता येतो.

भाच्याचे अंदाजपत्रक याहून लहान. त्यास महिन्याकाठी खाऊसाठी दोनशे रुपये मिळतात. बाहेरून मागविलेले अस्सल पाकीट त्याला चारशेंना पडले, म्हणजे दोन महिन्यांचा खाऊ. ते फोडताना त्याची बोटे थरथरत होती. आत एक तारा निघाला. पण तो त्याच्याजवळ आधीच होता. आमच्या मातोश्रींनी जपमाळ थांबवून विचारले, "पैसे देऊन चिठ्ठ्या कशाला फाडायच्या रे?" त्यांच्या डोळ्यांपुढे जुन्या वाण्याच्या दुकानातला चिठ्ठ्यांचा तक्ता उभा असावा. पाच-दहा पैसे द्यावेत, एक चिठ्ठी फाडावी, आणि फुग्याऐवजी गोळी घेऊन घरी यावे. महाराष्ट्र सरकारनेच १९६९ पासून लॉटरी चालविली, तेव्हा पोरांनाच काय म्हणून बोलावे, असे भाच्याच्या वतीने आम्हांस म्हणता आले असते. परंतु मातोश्रींशी वाद घालण्याचे वय आमचे राहिलेले नाही.

वादाऐवजी आम्ही एका रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. संच शंभर निरनिराळ्या पत्त्यांचा आहे आणि प्रत्येक पत्ता निघण्याचा संभव सारखा आहे असे धरले, तर पुरा संच जमण्यास सरासरीने किती पत्ते लागावेत? गणिताचे उत्तर येते सुमारे ५१९. यात गंमत अशी की पहिले पन्नास निरनिराळे पत्ते अवघ्या ६९ पत्त्यांत हाती येतात. म्हणूनच प्रारंभी मुलाला वाटते की आता काय, झालाच संच! आणि शेवटच्या एका पत्त्यासाठी मात्र सरासरीने आणखी शंभर पत्ते उलथावे लागतात. दहा पत्त्यांचे पाकीट धरले तर बावन्न पाकिटे, म्हणजे चारशेंच्या भावाने वीस हजारांच्या वर रक्कम. आणि हा हिशेब सर्व पत्ते सारखेच सुलभ मानून केलेला; ताऱ्यांचा दुर्मिळपणा त्यात धरलेलाच नाही. दुसरा हिशेब याहून उद्बोधक. समजा, एखादा पत्ता सरासरीने छत्तीस पाकिटांत एकदा निघतो. मग छत्तीस पाकिटे घेतली म्हणजे तो निघालाच पाहिजे, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात प्रत्येक पाकीट स्वतंत्रपणे भरलेले असेल तर तितकी पाकिटे घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे छत्तीस जण रिकाम्या हातानेच परततील. भाच्याने हा आकडा तीनदा तपासून पाहिला, आणि मग बराच वेळ तो काही बोलला नाही.

तेव्हा बेताच्या पैशांत काय घ्यावे? आमचे मत असे की खेळावयाचे असेल तर आधी साठ पत्त्यांचा बांधलेला जोड घ्यावा. तोही मोहोरबंदच असतो. पण आत काय आहे ते वेष्टनावर छापलेले असते, आणि पेटी उघडताच खेळावयास बसता येते. एखादा विशिष्ट पत्ता हवा असेल तर तो सुटा विकत घ्यावा, किंवा मित्राशी बदलून घ्यावा. शेवटच्या शंभरांचा फेरा त्याने एका दमात चुकतो. आणि बंद पाकीट घ्यावयाचेच असेल तर ते फोडण्याच्या आनंदासाठी घ्यावे, जत्रेतल्या पाळण्यासारखे. पाळण्यातून उतरल्यावर कोणी पैसे परत मागत नाही.

शाळांजवळच्या दुकानांतून दहा-दहा रुपयांना मिळणारी पाकिटे ही निराळीच जात. ती बहुधा नक्कल असते. अस्सल पत्ता फाटला तर दोन कागदांच्या मध्ये काळसर थर दिसतो. नकली पत्ता उजेडाकडे धरला की आरपार दिसू लागतो, त्याचा रंग फिका, आणि कधी कधी नावातले अक्षरही चुकलेले. तरी त्या पाकिटांबद्दल आमच्या मनात थोडीशी दया आहे. दहा रुपयांत ज्यास पाळण्यात बसावयाचे आहे, त्या पोराला अस्सल-नकलीचे प्रवचन कोणी ऐकवावे? राग यावा तो महागाच्या फसवणुकीचा. पूर्वीच्या काही संचांत चकाकणारा पत्ता असलेले पाकीट किंचित जड भरे. लबाड विक्रेते नाजूक काट्यावर पाकिटे तोलीत, जड ती ठेवून घेत आणि हलकी तेवढी सुटी विकीत. वेष्टन उघडून पुन्हा चिकटविण्याची विद्याही पुष्कळांना अवगत आहे. म्हणून मोहोरबंद पेटीतून फोडलेले सुटे पाकीट अनोळखी माणसाकडून स्वस्तात मिळू लागले, की त्याच्या स्वस्तपणाचीच भीती बाळगावी.

पेणला राहणारा भाच्याचा चुलतभाऊ दुसऱ्याच पंथाचा. "पाकीट फोडूच नकोस, दहा वर्षांनी भाव चढेल," असे तो सांगतो. जुन्या बंद पेट्यांना परदेशांत मोठ्या किमती आल्या हे खरे. परंतु त्या आल्या त्या बहुतेकांनी आपापल्या पेट्या फोडून टाकल्या म्हणून. आता सारेच जण न फोडता ठेवू लागले तर दुर्मिळपणा कोठून यावयाचा, हे त्या चिरंजीवांनी सांगितलेले नाही. शिवाय आमचे चार महिन्यांचे पावसाळी हवामान! चकाकणारा पत्ता दमट हवेत धनुष्यासारखा वाकतो, कपाटात कसर लागते, आणि १९८९ च्या जुलैत अंबा नदीचे पाणी नागोठण्यात शिरले तेव्हा खालच्या फळीवरच्या कागदांचे काय झाले, हे पेण-रोह्याच्या वाटेवरील कोणतेही जुने घर सांगेल. सोने बरे, ते निदान वाळत घालावे लागत नाही.

भाच्याने व त्याच्या सोबत्यांनी शेवटी जो मार्ग काढला तो आमच्या सल्ल्याहून शहाणपणाचा होता. त्यांनी भिशी सुरू केली. मुले-मुली मिळून आठ जण, प्रत्येकी महिना पन्नास रुपये, म्हणजे महिन्यास एक अस्सल पाकीट. चिठ्ठी ज्याच्या नावाची निघेल त्याने ते सर्वांसमक्ष फोडावयाचे, आणि पहिली निवड त्याची; मग बाकीच्यांनी ओळीने एकेक उचलावयाचा, उरलेले दोन पुन्हा फोडणाऱ्याचे. नियम वहीत लिहून खाली आठ सह्या घेतल्या आहेत. पहिल्याच महिन्यात सर्वांत धाकट्या मुलीच्या हाती मोठा तारा आला, तेव्हा दोन थोरल्यांनी 'हा सर्वांचा समजू' अशी कुजबुज केली. पण वही पुढे येताच ती थांबली. आठ जणांच्या नजरा एका पाकिटावर खिळलेल्या असल्या की एकट्याने फोडलेल्या आठ पाकिटांइतका आनंद होतो, हे आम्ही ओसरीवर बसून पाहिले आहे.

श्रावणात त्यांपैकी एका मुलाचे पन्नास रुपये आले नाहीत. त्याचे वडील धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कामास होते, आणि ते काम थांबले होते. मुलाने कारण सांगितले नाही; आपले नाव काढून टाका, एवढेच म्हणाला. ही गोष्ट कोणाच्या तरी आईकडून सर्वांच्या कानी गेली. आम्ही ते पन्नास रुपये गुपचूप भरावेत असे आमच्या मनात आले होते, परंतु भाचा म्हणाला, "नको मामा, त्याला कळेल." दुसऱ्या दिवशी त्यांच्या वहीत एक नवे कलम आले: ज्यास पैसे देणे सोयीचे नसेल त्याने त्या महिन्यापुरता आपला एक पत्ता द्यावा, तो इतरांनी पन्नास रुपयांस धरावा. त्या मुलाने तीन महिन्यांत तीन पत्ते दिले, आणि तीनही चांगले दिले. वर्तुळाचे देता आले असते.

दिवाळीनंतर त्याच्या वडिलांस दुसरीकडे काम लागले. मुलाने दीडशे रुपये आणून ठेवले आणि आपले पत्ते परत मागितले. दोन तत्काळ मिळाले. तिसरा आमच्या भाच्याकडे आहे, आणि तो पन्नास रुपयांस परत करावयाचा की आज त्याची किंमत दुप्पट झाली आहे म्हणून त्याबद्दल आणखी काही मागावयाचे, यावर ओसरीवर दोन संध्याकाळी बैठक झाली. कलमात याविषयी काहीच लिहिलेले नव्हते. तिसऱ्या संध्याकाळी भाच्याने पत्ता परत केला, पन्नास रुपये मोजून घेतले आणि वही मागून त्या कलमाखाली आणखी एक ओळ लिहिली. ती आम्हांस अद्याप दाखविलेली नाही.