एकच अल्बम, चार वेळा

आमच्या घरात 'कॉम्प्युटर वर्ल्ड' हा एकच अल्बम चार वेळा आहे. एक इंग्रजी रेकॉर्ड, एक जर्मन रेकॉर्ड, एक जुनी सीडी आणि २००९ साली आलेल्या आठ अल्बमांच्या 'कॅटलॉग' संचातली एक सीडी. बायकोचा प्रश्न साधा असतो, "अरे, पण गाणी तीच ना?" आता काय सांगणार!

तर मंडळी, या रोगाचं नाव क्राफ्टवेर्क. जर्मन भाषेत वीजनिर्मिती केंद्र. ड्युसेलडॉर्फ शहरात राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडर या दोघांनी १९७० मध्ये हा बँड सुरू केला. मला लागण झाली २००१ मध्ये, पुण्यात इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर. एका सीनियरच्या एमपीथ्री सीडीवर, मेटलच्या ढिगाऱ्यात 'पॉकेट कॅल्क्युलेटर' सापडलं. एक माणूस अत्यंत निर्विकार आवाजात कॅल्क्युलेटरवर गाणं म्हणतोय! पहिल्यांदा आम्ही सगळे खो खो हसलो. दुसऱ्या रात्री मी एकट्याने ऐकलं. तिसऱ्या रात्री सबमिशन राहिलं बाजूला.

हा अल्बम मे १९८१ चा. आयबीएमचा पीसी बाजारात आला त्यानंतर तीन महिन्यांनी. आणि यात बँका आणि पोलिसांकडे साठणारी माहिती आहे, रात्री स्क्रीनसमोर एकटा बसलेला माणूस आहे. म्हणजे आपणच की! आपल्या धंद्यावर कुणी गाणी केली असतील हे मला तोवर माहीतच नव्हतं.

२००६ मध्ये पहिल्यांदा ऑनसाइटला फ्रँकफर्टला गेलो. पहिल्याच मोकळ्या शनिवारी ट्रेन पकडून ड्युसेलडॉर्फ गाठलं आणि सेकंडहँड दुकानातून जर्मन रेकॉर्ड घेतली. 'पॉकेट कॅल्क्युलेटर' त्यांनी इंग्रजी, जर्मन, फ्रेंच आणि जपानी अशा चार भाषांत केलंय. मग काय, यादी वाढतच गेली...

पण खरी गंमत वेगळीच आहे. या लोकांचा अल्बम कधी 'पूर्ण' होतच नाही. १९९१ च्या 'द मिक्स'मध्ये त्यांनी आपलीच जुनी गाणी नव्याने बांधली. १९८६ चा 'इलेक्ट्रिक कॅफे' २००९ मध्ये चक्क 'टेक्नो पॉप' या नावाने परत आला. चाळीस वर्षं एकाच कोडचं रिफॅक्टरिंग! त्यामुळे माझ्या चार प्रती म्हणजे चार व्हर्जन्स आहेत. (हे उत्तर घरी चालत नाही.)

आणि इथेच सल आहे. 'कॅटलॉग'ची सुरुवात होते १९७४ च्या 'आउटोबान'पासून. त्याआधीचे १९७०, १९७२ आणि १९७३ चे तीन अल्बम बँडने बाजूलाच ठेवले. अधिकृत सीडी कधी निघालीच नाही. त्यात फ्लोरियानची बासरी आहे, चाचपडणं आहे. यंत्रमानव व्हायच्या आधीची दोन माणसं आहेत. बूटलेग सीडी मिळतात, स्वस्तात. कलेक्टर म्हणून हात शिवशिवतात. पण आपला कॉलेजातला पहिला प्रोजेक्ट कुणी न विचारता विकायला काढला, तर आपल्याला कसं वाटेल? तेव्हा बूटलेग घ्यायची नाही, असं ठरवून टाकलं. शेल्फवर तीन जागा रिकाम्या.

एप्रिल २०२० मध्ये फ्लोरियान गेला. बँड त्याने २००८ मध्येच सोडला होता. मे महिन्यात बातमी आली तेव्हा लॉकडाऊनमध्ये सगळेच घरात कोंडलेले. त्या रात्री मी 'आउटोबान' लावली, २२ मिनिटांहून मोठं ते गाणं. बायको येऊन बसली, पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "यात बासरी कुठली रे? छान आहे."

दोन वर्षांनी कोलोनच्या एका विक्रेत्याकडून १९७३ च्या 'राल्फ उंड फ्लोरियान'ची फिलिप्सने काढलेली मूळ रेकॉर्ड मागवली. बँडने तेव्हा स्वतः जगापुढे ठेवलेली, कुणाच्या तरी घरात जपलेली. ही प्रत घेताना मनात किंतु नव्हता. कव्हरचा कोपरा फाटलाय, पहिल्या बाजूला खरखर आहे. कस्टम ड्युटीचा आकडा मात्र घरी सांगितलेला नाही.

उरल्या दोन जागा. बायको परवा विचारत होती, "त्या दोनमध्ये पण बासरी आहे का?"

आहे म्हटलं. भरपूर आहे.