आजीचा नारळ आणि साडेसहा कोटी वर्षं

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद करते न करते तोच मामाचा फोन. “उद्या येतीयास न्हवं? मग वाटेत जरंडेश्वराला नारळ वाढवून ये. आईचा राहिलाय.”

आई म्हणजे माझी आजी. श्रावणातल्या एका शनिवारी ती हा डोंगर चढायचीच. यंदा गुडघ्यांनी दगा दिला. ‘दिवाळीनंतर जाऊ’ म्हणाली आणि दिवाळीआधीच गेली. मी तिची लाडकी नात आणि घरातली एकुलती एक नास्तिक. नारळ न्यायचा तर ते नाटक, नाही न्यायचा तर तो माज. बसा आता!

वीकेंडला महाबळेश्वर-पाचगणी गाठणाऱ्यांच्या यादीत कोरेगाव नसतं. साताऱ्याच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर, पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचं हे तालुक्याचं गाव. आलं आणि जीआय मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा ही इथली खासियत. साताऱ्याहून निघालं की माहुलीला कृष्णा ओलांडायची. तिथेच वेण्णा तिला मिळते. आजीच्या अस्थी आम्ही त्या संगमावरच सोडल्या होत्या. एसटीच्या खिडकीतून पाणी दिसलं आणि मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

सातारा आणि कोरेगावच्या मधे जरंडेश्वर उभा आहे. मामेभाऊ सोबतीला होता. चढ असा, की जिमची फी फुकट गेल्याची खात्री पटावी. मारुती द्रोणागिरी घेऊन उडाला, त्याचा एक तुकडा इथे पडला, म्हणून इथे इतका औषधी झाडपाला, असं आजी सांगायची. लहानपणी मी आ वासून ऐकायचे. पुढे शाळेत कळलं, की असं काही झालं नव्हतं. एक छान गोष्ट हातातून गेली म्हणून वाईट वाटलं. तिच्या जागी आलेली गोष्ट केवढी मोठी आहे हे कळायला तिशी उजाडली.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा सगळा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाच्या आसपास होता. जमीन फाटली आणि लाव्हा बाहेर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. थरावर थर निवले. महाबळेश्वरच्या बाजूला ते मिळून सुमारे १२०० मीटर जाडीचे आहेत. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ट्रॅप म्हणजे स्वीडिश भाषेतली पायरी. सह्याद्रीच्या डोंगरांना त्या पायऱ्या अजून दिसतात. मग ही अख्खी जमीन उत्तरेला सरकत इथवर आली. म्हणजे डोंगर दुरून आला, हे आजीचं म्हणणं खरंच होतं. फक्त तो कुणी उचलून आणला नव्हता.

वर पोचल्यावर मी नारळ पुजारीबाबांच्या हातात दिला, आजीचं नाव सांगितलं. हात जोडले नाहीत, जोडल्यासारखंही केलं नाही. कुणी काही बोललं नाही. खोबऱ्याचा तुकडा मात्र चवीनं खाल्ला.

आमच्या या जिल्ह्याला नास्तिक काही नवे नाहीत. गोपाळ गणेश आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. पुण्यात विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९५ मध्ये अवघ्या ३८व्या वर्षी ते गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. देव मानणाऱ्यांशी त्यांचं भांडण नव्हतं. देवाच्या नावावर चालणाऱ्या फसवणुकीशी होतं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. एवढी किंमत मोजलेल्या माणसांच्या मुलखात मला फक्त एक नारळ अवघड जात होता!

रात्री कोरेगावात गच्चीवर जेवायला बसलो आणि लाइट गेली. डोळे सरावले तसं आभाळ उघडलं. मी दुर्बीण काढून मामाला देवयानी दीर्घिका दाखवली. धुरकट ठिपका. तिथून निघालेला प्रकाश इथे यायला सुमारे २५ लाख वर्षं लागतात. तो निघाला तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हता.

मामा बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “आई मारुतीपाशी हाय, असं मला वाटतं. तुला काय वाटतं गं?”

खोटं बोलवेना. “ती कुठेच नाहीये मामा. तेच तर अवघड आहे.” घसा दाटला. विज्ञान माणूस परत आणत नाही, भेटीचं वचनही देत नाही. ही उणीव मी लपवत नाही. “पण तिच्या रक्तातलं लोह ताऱ्यांच्या पोटात तयार झालं होतं. ते लाव्ह्यातून या काळ्या मातीत आलं, मातीतून ताटात. अब्जावधी वर्षं खपून या विश्वाने एकदाच आजी घडवली, आणि ती माझ्या वाट्याला आली. मला याचंच नवल वाटतं. हात जोडण्याइतकं.”

मामी काही न बोलता माझ्या ताटात घेवड्याची उसळ वाढत राहिली. आजीच्याच हातची चव.

तेवढ्यात लाइट आली आणि सगळं आभाळ पुसलं गेलं. मामा उठला, गच्चीतला बल्ब बंद केला आणि परत येऊन बसला.

“कुठं हुता तो ठिपका? परत दाव.”